पॉल नॉयरात आणि शेतकरी श्रोतामंडळे : महाराष्ट्रातील लोकमत-अभ्यासाचा एक दुर्लक्षित अध्याय

प्रस्तावना

मराठी सार्वजनिक जीवनात 'लोकमत' या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. लोकमत जागृत करणे, लोकमताचा आदर करणे, लोकमताच्या दबावापुढे शासनाने नमणे हे शब्दप्रयोग आपण नित्य वाचतो. तथापि लोकमत म्हणजे नेमके काय, ते कोठे आणि कसे तयार होते, या प्रश्नांचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. निवडणुकांच्या काळात प्रसिद्ध होणाऱ्या मतचाचण्यांमुळे लोकमत म्हणजे काही हजार व्यक्तींच्या उत्तरांची बेरीज, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही दृढ झाली आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुणे परिसरात या समजुतीची कसोटी पाहणारे दोन महत्त्वाचे अभ्यास झाले. त्यांपैकी एक व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल नॉयरात या समाजशास्त्रज्ञाचा, तर दुसरा पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील यशवंत भास्कर दामले यांचा. प्रस्तुत लेखात नॉयरात यांचे जीवन व कार्य यांचा परामर्श घेऊन, दामले यांच्या अभ्यासाशी त्याचा संबंध पाहावयाचा आहे आणि या परंपरेतून गोंदिया जिल्ह्यासारख्या प्रदेशातील अभ्यासकांना काय घेता येईल याचा विचार करावयाचा आहे.

लोकमतमापनाची पार्श्वभूमी

आधुनिक लोकमतमापनाचा उदय अमेरिकेत झाला. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे साप्ताहिकाने रूझवेल्ट यांच्या पराभवाचे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी तुलनेने फार लहान, परंतु काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्याच्या आधारे विजेता अचूक सांगितला. उत्तरदात्यांच्या संख्येपेक्षा त्यांची निवड कशी होते याला अधिक महत्त्व असते, हा धडा तेव्हापासून सर्वमान्य झाला.

याच काळात व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले पॉल लाझर्सफेल्ड (१९०१–१९७६) यांनी निराळा प्रश्न उपस्थित केला. माणूस कोणाला मत देणार यापेक्षा त्या मतापर्यंत तो कसा पोहोचतो, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. १९४० च्या निवडणुकीत ओहायो राज्यातील ईरी परगण्यात त्यांनी ६०० मतदारांचा गट निवडला आणि त्याच व्यक्तींच्या मे ते नोव्हेंबर या काळात पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. १९४४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष अनपेक्षित होता. वृत्तपत्रे आणि रेडिओ यांचा मतदारांवर होणारा थेट परिणाम अल्प होता. घरातील, कामावरील व शेजारच्या माणसांच्या बोलण्याचा प्रभाव त्याहून मोठा होता. माध्यमांतील विचार प्रथम काही जाणत्या व्यक्तींकडे पोहोचतो आणि त्यांच्याकडून इतरांकडे जातो, असा हा द्विस्तरीय प्रवाहाचा सिद्धान्त होय. १९५५ मध्ये एलिहू कॅट्झ यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात लाझर्सफेल्ड यांनी त्याचा विस्तार केला. कोलंबिया विद्यापीठातील लाझर्सफेल्ड यांच्या या वर्तुळातूनच नॉयरात भारतात आले.

नॉयरात : जीवनपट

पॉल नॉयरात यांचा जन्म १९११ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. वडील ओटो नॉयरात हे व्हिएन्ना वर्तुळातील ख्यातनाम तत्त्वज्ञ. सांख्यिकीय माहिती चित्ररूपाने मांडून ती सामान्य कामगारालाही समजावी, या हेतूने त्यांनी १९२५ मध्ये व्हिएन्नात समाज व अर्थव्यवहार यांचे एक संग्रहालय उभारले होते. आईचे निधन पॉल यांच्या जन्मानंतर लगेच झाले. पुढे पॉल यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यू वंशाचे व समाजवादी विचारांचे नॉयरात यांना अटक होऊन प्रथम डाखाऊ व नंतर बूखेनवाल्ड या छळछावण्यांत डांबण्यात आले. १९३९ मध्ये सुटका झाल्यावर ते स्वीडनला गेले आणि १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी या दोन छावण्यांतील सामाजिक जीवनावर प्रबंध लिहिला. कैद्यांमध्ये अधिकाराची उतरंड कशी निर्माण होते, कोणते गट पडतात, पहारेकरी आणि कैदी यांच्यातील संबंध कोणत्या अलिखित नियमांनी चालतात, याचे ते समाजशास्त्रीय विश्लेषण होते. प्रबंध १९४३ मध्ये पूर्ण झाला. पदवी मात्र १९५१ मध्ये मिळाली. ग्रंथरूपाने तो त्यांच्या मृत्यूनंतरच प्रकाशित झाला.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमध्ये त्यांनी अनेक वर्षे समाजशास्त्र व सांख्यिकी यांचे अध्यापन केले. लोकसंख्येच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरायुष्यात त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठात अध्यापन केले आणि लाझर्सफेल्ड यांच्या लेखनाचा संग्रह तेथे उभा करण्यात पुढाकार घेतला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

दहशतीखालील समाजाचा अभ्यासक, एवढीच नॉयरात यांची ओळख युरोपात प्रामुख्याने राहिली. महाराष्ट्रातील खेड्यांत त्यांनी केलेले काम त्या तुलनेत मागे पडले. वस्तुतः या दोन अभ्यासांत एक सूत्र आहे. माणसे एकत्र आली असता त्यांच्यात परस्परसंबंधांची कोणती रचना उभी राहते, हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे. छावणीतील रचना सक्तीची होती. खेड्यातील श्रोतामंडळांत ती चर्चेतून घडत होती.

१९५६ चा प्रयोग

१९५० च्या दशकाच्या मध्यास नॉयरात अभ्यागत प्राध्यापक म्हणून मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आले. त्या वेळी सामुदायिक विकास योजना सुरू होऊन काही वर्षे लोटली होती. खेड्यांपर्यंत नवे ज्ञान पोहोचविण्याचा प्रश्न शासनापुढे तातडीचा होता. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. अशा स्थितीत छापील शब्दापेक्षा रेडिओ अधिक उपयोगी पडेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु रेडिओसंच पुरविला म्हणजे ज्ञान पोहोचले, असे मानता येईल काय, हा प्रश्न अनुत्तरित होता.

कॅनडात शेतकऱ्यांनी गटाने रेडिओ ऐकून चर्चा करावयाची व त्यानुसार कृती करावयाची, असा एक यशस्वी प्रयोग झाला होता. त्याच धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने ऑल इंडिया रेडिओने १९५६ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम मराठीतून प्रक्षेपित झाले. ठरलेल्या वेळी मंडळाचे सभासद एकत्र जमत, कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करीत. त्यांचे प्रश्न व अभिप्राय आकाशवाणीकडे जात. या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याची धुरा नॉयरात यांच्याकडे होती.

मूल्यमापनाची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. नॉयरात यांनी श्रोतामंडळे असलेल्या गावांपैकी वीस गावे निवडली आणि तुलनेसाठी आणखी वीस गावे घेतली. तुलनेच्या गावांत दोन प्रकार होते : काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काहींत रेडिओही नव्हता. कार्यक्रमांपूर्वी आणि कार्यक्रमांनंतर गावकऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या ज्ञानात पडलेला फरक मोजण्यात आला. शिवाय निरीक्षकांनी मंडळांच्या बैठकींना उपस्थित राहून चर्चा कशी चालते याची नोंद केली.

ही तिहेरी विभागणी हे या अभ्यासाचे मर्म होय. केवळ मंडळ असलेल्या व नसलेल्या गावांची तुलना केली असती, तर आढळलेला फरक रेडिओमुळे की चर्चेमुळे हे सांगता आले नसते. निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची लक्षणीय वाढ झाली. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांत ती अत्यल्प होती. याहून महत्त्वाची गोष्ट निरीक्षणांतून पुढे आली. माहिती ऐकून घेण्यासाठी जमलेली ही मंडळे अल्पावधीतच गावाच्या कामांविषयी निर्णय घेणारी मंडळे बनू लागली. गावातील सामाईक कामांना त्यांनी जी गती दिली, ती निर्वाचित ग्रामपंचायतींनाही साधत नव्हती, असे आढळून आले.

ईरी परगण्यात लाझर्सफेल्ड यांना जे आढळले होते, त्याला येथे नवे परिमाण लाभले. तेथे जाणती व्यक्ती आणि तिचे ऐकणारी माणसे असा प्रवाह दिसला होता. येथे एकत्र बसण्याची एक नियमित व्यवस्था निर्माण केली असता ऐकणारेच विचार करणारे आणि ठरविणारे झाले. मत हे व्यक्तीच्या मनात आधीच तयार असते व मुलाखतकाराने ते फक्त टिपावयाचे असते, हे गृहीतक या निष्कर्षाने डळमळीत होते. अनेक प्रश्नांवर माणसाचे मत चर्चेच्या प्रक्रियेतच आकार घेते.

या प्रयोगाच्या आधारे नोव्हेंबर १९५९ पासून श्रोतामंडळांची योजना देशभर राबविण्यात आली आणि पुढील काही वर्षांत मंडळांची संख्या हजारोंवर गेली. परंतु योजनेचा विस्तार झाला म्हणजे प्रयोगाचा आत्माही सर्वत्र पोहोचला, असे म्हणता येत नाही. मूळ प्रयोगात संघटक, प्रश्नोत्तरांची देवाणघेवाण आणि सातत्याचे निरीक्षण यांवर भर होता. शासकीय योजनेत मंडळांची संख्या हेच यशाचे माप ठरण्याचा धोका असतो. मूल्यमापनाचीही एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. अंतिम मुलाखती कार्यक्रम संपताच घेतल्या गेल्या. त्यामुळे वाढलेले ज्ञान किती काळ टिकले व आचरणात किती उतरले, हे त्यांतून कळत नाही.

दामले यांची पूरक दृष्टी

मंडळात कोण बोलते आणि कोण गप्प बसते, हा प्रश्न भारतीय संदर्भात टाळता येत नाही. इरावती कर्वे यांचे सहकारी य. भा. दामले यांचा अभ्यास येथे पूरक ठरतो. अमेरिकेतील लोकमतविषयक एका प्रतिष्ठित त्रैमासिकाच्या १९५६ च्या अंकात त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुण्यापासून कमीअधिक अंतरावर असलेली सात खेडी निवडून तेथे आधुनिक कल्पना व ज्ञान कितपत पोहोचले आहे, हे त्यांनी तपासले. शहर जवळ असेल तितके ज्ञान अधिक, हे साधे समीकरण अपुरे असल्याचे त्यांना दिसले. गावाची सामाजिक रचना हाही तितकाच महत्त्वाचा घटक होता.

१९६० मध्ये दामले यांनी हरिकथेकडे संज्ञापनाचे माध्यम म्हणून पाहणारा निबंध लिहिला. रेडिओचा गाजावाजा असलेल्या त्या काळात, शतकानुशतके गावाला एकत्र बसवून विचार देणाऱ्या कीर्तनपरंपरेकडे समाजशास्त्रज्ञाने लक्ष वेधावे, ही दृष्टी मौलिक होती. १९६३ मध्ये कर्वे यांच्यासह त्यांनी ग्रामसमाजातील गटसंबंधांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. नंतरच्या लेखनातही जात, धर्म आणि राजकारण यांचे परस्परसंबंध हा त्यांचा विषय राहिला.

नॉयरात यांनी चर्चेचे सामर्थ्य दाखविले आणि दामले यांनी चर्चा ज्या समाजरचनेत घडते तिचे महत्त्व दाखविले. हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचले असता हर्बर्ट ब्लूमर यांनी १९४८ मध्ये मतचाचण्यांवर घेतलेल्या आक्षेपाची आठवण होते. समाज हा सुट्या व्यक्तींचा ढीग नसून गट, सत्ता व प्रतिष्ठा यांची रचना आहे. प्रत्येक उत्तराला समान वजन देणारी चाचणी या रचनेकडे डोळेझाक करते, असे ब्लूमर यांचे म्हणणे होते. गुप्त मतदानाच्या लोकशाहीत प्रत्येक मत समान असते, हे खरे. म्हणूनच निवडणुकीच्या अंदाजासाठी चाचणी उपयुक्त ठरते. परंतु गावातील तलावाचे पाणी कोणी घ्यावे या प्रश्नावरील मत समजून घेण्यास तेवढे साधन पुरेसे नाही.

गोंदिया-भंडारा परिसराच्या संदर्भात

१९५६ च्या प्रयोगाच्या वेळी आजचा गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि भंडारा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला व १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे पुण्याच्या परिघातील हे दोन्ही अभ्यास येथवर पोहोचणे शक्य नव्हते.

लोकमताच्या दृष्टीने हा प्रदेश मात्र त्या काळी देशाच्या नजरेत होता. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. हा द्विसदस्य मतदारसंघ होता आणि प्रत्येक मतदारास दोन मते होती. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी सुमारे आठ हजार मतांनी त्यांचा पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. या निकालाची कारणमीमांसा आजवर अनेकांनी केली आहे. मतांची बेरीज आपल्यासमोर आहे. पण आपले दुसरे मत कोणाला द्यावयाचे हे गोंदिया, तिरोडा वा साकोलीकडील मतदाराने कोणाशी बोलून ठरविले, मालगुजारी नुकतीच नष्ट झालेल्या गावांत कोणाच्या शब्दाला वजन होते, हे ती बेरीज सांगत नाही. ईरी परगण्यातील ६०० मतदारांविषयी जे ठाऊक आहे, ते भारतीय लोकशाहीच्या एका महत्त्वाच्या निवडणुकीविषयी आपणास ठाऊक नसावे, ही खेदाची बाब होय.

आजही या जिल्ह्यात संशोधनास वाव आहे. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगढी बोलणारे समाज येथे शेजारी नांदतात. कोणत्या भाषेत विचारले असता माणूस मोकळेपणाने बोलतो, हा येथे मुलाखतीच्या पद्धतीचा पहिलाच प्रश्न ठरतो. झाडीपट्टीतील दंडार, रात्रभर चालणारी नाटके आणि दिवाळीनंतरच्या मंडईत होणाऱ्या भेटीगाठी यांचा अभ्यास बहुधा लोककलेच्या अंगाने होतो. दामले यांनी हरिकथेकडे ज्या दृष्टीने पाहिले, त्या दृष्टीने मंडईकडे पाहिले तर विचारांच्या देवघेवीचे एक मोठे क्षेत्र खुले होईल. धानाचे भाव, तेंदूपानाची मजुरी, तलावांवरील हक्क या विषयांवरील मते तेथे कशी फिरतात, हे नोंदविण्याजोगे आहे.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरणही बोलके आहे. तेथील ग्रामस्थांनी अभ्यासगटात विषय समजून घ्यावयाचा आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करावयाचा, अशी पद्धत रुजविली. २००९ मध्ये या गावास सामूहिक वनहक्क मिळाले. अभ्यासगट व श्रोतामंडळ यांच्यात थेट वारसा असल्याचे म्हणावयाचे नाही. परंतु एकत्र बसून समजून घेणारे गाव निर्णयक्षम होते, हा नॉयरात यांचा निष्कर्ष आणि मेंढ्याचा अनुभव एकाच दिशेने जातात, हे निश्चित.

समारोप

भ्रमणध्वनीच्या प्रसाराने आज प्रत्येक हातात माहितीचे साधन आले आहे. १९५६ मध्ये संपूर्ण गावात मिळून एक रेडिओसंच असे व त्यामुळे लोकांना एकत्र यावेच लागे. आता साधने विपुल आहेत. पण ऐकणारा बहुधा एकटा आहे. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांची आजची स्थिती जणू सार्वत्रिक झाली आहे. माहितीच्या विपुलतेने लोकमत आपोआप सुजाण होईल ही आशा बाळगणाऱ्यांनी नॉयरात यांच्या त्या वीस गावांकडे पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य सूचना निघते. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य आणि गावांशी असलेला नित्य संबंध ही साधने आपल्याजवळ आहेत. प्रश्नावली भरून घेऊन टक्केवारी काढण्याच्या प्रघातास जोड देऊन दोन-तीन गावांत ग्रामसभेपूर्वी व ग्रामसभेनंतर त्याच व्यक्तींशी बोलावे, कोण बोलले आणि कोण गप्प राहिले याची नोंद ठेवावी, स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधावा. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. सातत्य मात्र हवे. असे चार-पाच वर्षांचे काम उभे राहिले, तर गोंदिया जिल्ह्यातील गावे आपले मत कसे बनवितात, हे सांगणारा पहिला विश्वसनीय पुरावा याच जिल्ह्यातील महाविद्यालयांतून पुढे येऊ शकेल.